प्लेफेअर डिस्प्ले: मोठ्या आकारातच वापरा

लग्नपत्रिकेवरची इंग्रजी नावं लावताना माझा हात पहिल्यांदा प्लेफेअर डिस्प्लेकडेच जातो. क्लाउस एगर्स सोरेन्सन या डॅनिश डिझायनरचा हा फॉन्ट. याची मुळं अठराव्या शतकातली. रुंद टोकाच्या पिसाच्या लेखणीची जागा टोकदार निबनं घेतली आणि अक्षरांतला जाड-बारीक फरक वाढला, तो काळ.

उभ्या रेघा भरदार, आडव्या मात्र केसासारख्या बारीक. लहान ‘ए’च्या टोकाला गोल थेंब. इटॅलिकमधला (तिरप्या अक्षरांमधला) अँपरसँड, म्हणजे ‘अँड’साठीचं & हे चिन्ह, तर इतकं देखणं आहे की वधू-वरांच्या नावांमध्ये मी ते मुद्दाम मोठं ठेवते.

पण जागा बघून वापरा. नावं, मासिकाचं शीर्षक, पुस्तकाचं मुखपृष्ठ, अत्तराचं लेबल इथे तो शोभतो. पत्ता, कार्यक्रम असा बारीक मजकूर त्यात लावू नका. आठ पॉइंटला, त्यातही खरबरीत हातकागदावर, त्या केसरेघा तुटतात. आणि आकडे! ते मुळातच जुन्या वळणाचे: ३, ४, ५, ७, ९ ओळीखाली उतरतात. तारखेला छान दिसतं, फोन नंबर मात्र डुलायला लागतो. तिथे ओपनटाइपमधून (फॉन्टमधले पर्यायी आकार निवडायची सोय) सरळ रांगेतले आकडे निवडा.

यात देवनागरी नाही. मराठी मजकुराला मी जोडीला साधं, शांत अक्षरच घेते.