नांदेड ते अंदमान: आधी बोटीचं तिकीट, बाकी सगळं मागून

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं अंदमानला जाऊन आलो, लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून. लेकरं सासूबाईंकडं ठेवली. आल्यापासून ओळखीतल्या चार-पाच जणांनी विचारलं की कसं गेलात, किती दिवस लागतात, बोटीत उलट्या होतात का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहायलेय. जरा लांबेल, पण ज्यांना जायचंय त्यांनी बोटीचा भाग तरी नीट वाचा.

आमच्या ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. दरवर्षी मे महिन्यात टीव्हीवर "मान्सून अंदमानात दाखल" अशी बातमी आली की दुकानात बियाण्याची लगबग सुरू होते. वीस वर्षं हे नाव ऐकत आलेत, तर एकदा ते बघायचंच असं ह्यांच्या मनात होतं. माझं माहेर लातूर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी तिथंच होते, टँकरच्या लाईनीत घागरी घेऊन उभी राहिलेली. त्यामुळं चारी बाजूंनी पाणी आणि मधी आपण, हे मलाही बघायचं होतं. आणि माझी हॉस्टेलची मैत्रीण आता चेन्नईला असते, ती आणि दाजी तिकडून येणार होते. सहा वर्षांनी भेटणार होतो आम्ही, ती पण डायरेक्ट बेटावर.

नांदेडहून जायचं तर हैदराबादच सोपं पडतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पहाटे हैदराबाद, तिथून शमशाबादच्या विमानतळावर पुष्पक बस. सिकंदराबादकडून तासदीड तास तरी धराच, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे ते. तिथून पोर्ट ब्लेअरला डायरेक्ट विमान मिळतं. २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं सरकारी नाव श्री विजयपुरम झालंय, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप हे २०१८ पासून, पण रिक्षावाले, हॉटेलवाले, बोटवाले सगळे जुनीच नावं बोलतात. तिकीट काढताना दोन्ही नावं लक्षात ठेवा नाहीतर गोंधळ होतो.

आता मुद्द्याचं. आपण लोक आधी विमान बुक करतो, मग हॉटेल, आणि बोटीचं तिथं गेल्यावर बघू म्हणतो. हे उलटं करा. विमानाची तारीख ठरली की लगेच बोटीची तिकिटं काढा, आणि बोटीची वेळ हातात आली की मग हॉटेल. कारण बेटाबेटातलं सगळं जाणंयेणं बोटीवर आहे आणि सीझनमध्ये सकाळच्या बोटी आधी भरतात. मकरूझ, नॉटिका, ग्रीन ओशन, आयटीटी मॅजेस्टिक अशा खाजगी बोटी आहेत, क्लासप्रमाणे एका वेळचे माणशी साधारण हजार ते दोन हजार लागतात. सरकारी बोट लई स्वस्त, काहीशे रुपयांत काम होतं, पण वेळ जास्त लागतो आणि तिकीट मिळवायला दमावं लागतं. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खाजगी बोटीनं दीड ते दोन तास, सरकारीनं अडीच तास धरा. हॅवलॉक ते नील पाऊण-एक तास. बऱ्याच खाजगी बोटी पूर्ण बंद, एसीच्या असतात, काचेतून बघत बसायचं. ग्रीन ओशनला वर उघडा डेक आहे, ज्यांना वारा खायचाय त्यांनी ती बघावी. तिकिटावर जेटीचं नाव वाचा, पोर्ट ब्लेअरला हॅडो आणि फिनिक्स बे अशा वेगवेगळ्या जेट्या आहेत, चुकीच्या ठिकाणी जाऊन बोट हुकलेलं एक कुटुंब आम्ही बघितलं. ओरिजिनल आधार जवळ ठेवा आणि तासभर आधी पोचा, विमानासारखंच चेकिंग असतं.

पहिला दिवस आम्ही फक्त सेल्युलर जेलला दिला आणि ते बरं केलं. १८९६ ते १९०६ मधी बांधलेलं, मूळच्या सात इमारतींपैकी तीनच राहिल्यात. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे, बहुतेक मराठी माणसं तिथं जाऊन डोकं टेकवून परत फिरतात. माझं म्हणणं एवढंच की तिथून लगेच खाली येऊ नका. मधल्या मनोऱ्यातल्या पाट्यांवर कैद्यांची नावं आहेत, बंगाल, पंजाब, संयुक्त प्रांत, शेकडो नावं, ती थोडी तरी वाचा. ह्यांनी उभं राहून अर्धा तास वाचली. खाली कोलूचा, म्हणजे तेलाच्या घाण्याचा, नमुना ठेवलाय, रोज तीस पौंड खोबरेल काढायचं माणसानं, बैलासारखं फिरून. आम्ही घाण्याच्या भागातली माणसं, आमच्या गावात बैलाचा घाणा लहानपणी बघितलाय, त्यामुळं ते बघताना मला बोलताच येईना. संध्याकाळचा लाईट अँड साऊंड शो बघायचा असेल तर तिकीट दिवसाच काढून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं हॅवलॉक. निघायच्या अर्धा तास आधी अॅव्होमिन ही उलटीची गोळी घेतली, आणि पोट रिकामं ठेवलं नाही, दोन धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. धपाटे घरून नेलते, तीन दिवस चांगले टिकले, शाकाहारी माणसांनी तर न्यावेतच. बोटीत मागच्या बाजूला, मधल्या रांगेत बसा, पुढं जास्त आदळतं. मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेल्यांनाच जास्त उलट्या व्हायलत्या, हे मी डोळ्यानं बघितलं.

मैत्रीण दुपारच्या बोटीनं येणार होती. आम्ही स्कूटी घेतली होती, पाचशे रुपये दिवसाला, तर तीनला जेटीवर जाऊन थांबलो. बोट लागली, माणसं उतरायलीत उतरायलीत, ही काही दिसेना. आणि मग एकदम दिसली, डोक्यावर टोपी, हातात दोन पिशव्या. जेटीवरच दोघी गळ्यात पडून रडलो. दाजी आणि आमचे हे एकमेकांना त्याच्या आधी एकदाच भेटलेले, लग्नात, तर ते दोघं बाजूला उभं राहून सामान मोजायलते. तिनं चेन्नईहून माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला होता, विमान आणि बोट करून तो थोडा सुकला होता, तरी मी दोन दिवस घातला.

एक गोष्ट इथं लक्षात घ्या, अंधार लवकर पडतो. आपलंच घड्याळ आहे पण अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला, त्यामुळं डिसेंबरमध्ये पाचलाच सूर्य मावळतो आणि सकाळी साडेपाचला उजाडतं. नांदेडला आपण सहापर्यंत उजेड धरतो त्या हिशोबानं गेलात तर राधानगर बीचवर अंधारच मिळेल. जेटीपासून राधानगर दहा-बारा किलोमीटर आहे, चारच्या आधी तिथं असा. २००४ ला टाईम मासिकानं ह्याला आशियातला सर्वोत्तम बीच म्हणलं होतं आणि २०२० ला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचा दाखला, मिळाला. मी गोवा, गणपतीपुळे बघितलंय, पण असा स्वच्छ, लांबच लांब आणि मागं इतकी उंच झाडी असलेला किनारा नव्हता बघितला. मगरीच्या सूचनेच्या पाट्या असतात काही ठिकाणी, त्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत, खाऱ्या पाण्यातल्या मगरी इथं खरंच आहेत. लाईफगार्ड सांगेल तेवढ्याच भागात पाण्यात उतरा.

एलिफंट बीचला जेटीवरून छोट्या बोटीनं गेलो, स्नॉर्केलिंग केलं. मला पोहता येत नाही, तरी जॅकेट घालून, गाईडची रिंग धरून तोंड पाण्यात घातलं आणि खाली निळे-पिवळे मासे. दाजींनी स्कुबा केलं, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून खोल पाण्यात उतरले. स्कुबा करणार असाल तर विमानाच्या आदल्या दिवशी करू नका, मधी चोवीस तास जाऊ द्या, शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि वर विमानात हवेचा दाब कमी असतो.

आता जे बिघडलं ते. चौथ्या दिवशी सकाळी चौघांनी नीलला जायचं होतं. आमची तिकिटं एका खाजगी बोटीची, मैत्रिणीची दुसऱ्या कंपनीची, कारण तिनं उशिरा काढली आणि आमच्या बोटीत जागा नव्हती. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झालेला, रात्रभर वारा. सकाळी सातला मेसेज, आमची बोट रद्द. मैत्रिणीची बोट दोन तास उशिरा पण जाणार. त्यात जागा शिल्लक नाही. सहा वर्षांनी भेटलो आणि आता दोघं एका बेटावर, दोघं दुसऱ्या, आणि नीलला एकच रात्र. ती म्हणाली आम्ही पण थांबतो. मी म्हणलं नको, तुम्ही जा, हॉटेलचे पैसे भरलेत चौघांचे, कुणीतरी पोचायला पाहिजे.

आम्ही जेटीवरच्या सरकारी काउंटरला लाईनीत लागलो. आधार, त्याची झेरॉक्स, फॉर्म. झेरॉक्स नव्हती, ती बाजारातून आणेपर्यंत हे लाईनीत. म्हणून सांगते, आधारच्या चार-पाच झेरॉक्स पर्समध्ये ठेवाच. सव्वादोन तासांनी तिकीट मिळालं दुपारच्या बोटीचं. खाजगी बोट रद्द झाली तरी सरकारी मोठी बोट बऱ्याचदा जाते, हे तिथल्या माणसानं सांगितलं म्हणून कळलं. खाजगी बोटीचे पैसे बारा दिवसांनी परत आले, मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा.

आणि खरं सांगायचं तर त्या सरकारी बोटीचा प्रवास मला सगळ्यात जास्त आठवतो. हलायली खूप, पण बाहेर उभं राहता आलं. शेजारी नीलची एक आजी बसली होती, पासष्टीची असेल, माहेरी जाऊन परत चालली होती, पिशवीत कोंबडीची पिल्लं. तिचे आईवडील फाळणीनंतर पूर्व बंगालातून इथं वसवलेल्यांपैकी. हिंदी छान बोलायली. अंदमानात सगळे आपसात हिंदीच बोलतात, आपल्याला काही अडचण येत नाही. नीलमध्ये भाजीपाला खूप होतो, पोर्ट ब्लेअरला तिथूनच जातो. ह्यांनी लगेच चौकशी सुरू केली, वांग्यावर कोणती कीड येते, खत कुठून येतं, पाऊस किती. अंदमानात वर्षाला जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या नांदेडच्या तिप्पट म्हणा. तरी आजी म्हणाली की उन्हाळ्यात पाणी जपूनच वापरावं लागतं, सगळं वाहून समुद्रात जातं. मी तिला लातूरच्या पाण्याच्या रेल्वेची गोष्ट सांगितली. तिला ते खरंच वाटेना, रेल्वेनं पाणी? तिनं रेल्वे बघितली होती एकदाच, कलकत्त्याला. उतरताना तिनं माझ्या हातात चार हिरव्या मिरच्या आणि एक लिंबू ठेवलं.

संध्याकाळी नीलच्या जेटीवर मैत्रीण आणि दाजी टॉर्च घेऊन उभे. रात्री चौघांनी हॉटेलच्या ओट्यावर बसून भात, वरण, तळलेला मासा खाल्ला, त्या मिरच्या आणि लिंबासकट, आणि एकपर्यंत बोलत बसलो. चौघं किंवा जास्त जण वेगवेगळ्या शहरातून येणार असाल तर एकानंच सगळ्यांची बोट तिकिटं एकत्र काढा, एकाच बुकिंगमध्ये. पैसे नंतर वाटून घ्या.

नील लहान आहे, सायकलवर होतं. गावांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर, सीतापूर. लक्ष्मणपूरचा दगडी नैसर्गिक पूल बघायचा तर ओहोटीलाच जावं लागतं, भरतीला वाट पाण्याखाली असते. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, म्हणून आदल्या दिवशीच हॉटेलात विचारून ठेवा. आमची सकाळची वेळ निघाली, नशीब. वाटेवर मेलेलं प्रवाळ, धारदार आणि शेवाळलेलं, चपलेचं काम नाही, मागं पट्टा असलेली सँडल घाला. स्थानिक गाईड घ्या, डबक्यातले खेकडे, समुद्रकाकडी, जिवंत प्रवाळ त्यांनाच दिसतं, आपल्याला नुसता दगड दिसतो.

कॅश न्या. हॅवलॉकला एटीएम आहेत पण मोजकी, नीलला भरवसा धरू नका. २०२० ला चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट बरं झालंय म्हणतात, तरी नीलला आमचं नेट वरचेवर जायचं, म्हणजे फोनवरून पैसे देणं अडकतं. तिकिटांचे पीडीएफ आधीच डाऊनलोड करून ठेवा.

आणि परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. त्याच दिवशी सकाळी बोटीनं येऊन दुपारचं विमान पकडायचा प्लॅन करू नका, चौथ्या दिवसासारखं झालं तर विमान गेलंच समजा. आम्ही पाचव्या दिवशी दुपारी परत आलो, सहाव्या दिवशी रॉस बेट बघितलं, इंग्रजांच्या पडक्या चर्चवर वडाच्या मुळ्या चढल्यात आणि हरणं माणसांमधून फिरायलीत. मैत्रिणीचं विमान आमच्या आधी दोन तास होतं, विमानतळावर परत रडारड झाली, ह्या वेळी दाजींचे पण डोळे भरले.

शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरून उचलून आणू नका. बंदी आहे, विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसतं आणि काढून घेतात. आमच्या पुढच्या बाईच्या पिशवीतून अर्धा किलो निघाले. लेकीनं शंख आण म्हणून सांगितलं होतं, तर पोर्ट ब्लेअरच्या सागरिका ह्या सरकारी दुकानातून घेतला, बिलासकट. बिल पर्समध्येच ठेवा, विचारतात. लेकीनं घरी आल्या आल्या कानाला लावला आणि आज्जीला म्हणाली, ऐक, आईची बोट वाजायली.