‘तुझं काय बाई, विमान घरचंच!’

चुलतभावाच्या लग्नाला मी पोचू शकले नाही. तेव्हापासून घरच्या फोनवर एकच सूर आहे : विमान कंपनीत नोकरी, तिकीट फुकट, मग यायला काय झालं? हे मनाला फार लागलंय, म्हणून लिहितेय.

आमचं तिकीट फुकट नसतं. कर आणि विमानतळाचे आकार भरावेच लागतात. दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जायचं तर ‘झेड’ भाडं लागतं, म्हणजे विमान कर्मचाऱ्यांसाठीचं सवलतीचं भाडं, अंतराच्या टप्प्यांप्रमाणे ठरलेलं. स्वस्त असतं, नाही म्हणत नाही. पण हे तिकीट स्टँडबाय असतं, म्हणजे हातात तिकीट आहे आणि सीट नाही. पैसे भरलेले सगळे प्रवासी बसले की उरलेल्या जागा आम्हाला. त्यातही आधी त्या कंपनीचे स्वतःचे लोक, मग आमच्यासारखे बाहेरचे.

त्या दिवशी गेटवर माझं नाव यादीत अगदी वर होतं. आत रिकाम्या सीटही होत्या, तरी दार बंद झालं. गेटवरच्या बाईंनी मला बाजूला घेऊन शांतपणे समजावलं. दुपारचं कडक ऊन, लांबचा पल्ला, टाक्या इंधनाने भरलेल्या. गरम हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, त्यामुळे उड्डाणाच्या वजनावर मर्यादा येते. वजन कमी करायचं तर पहिले गळतात ते स्टँडबायवाले. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी होतं आणि मुहूर्त त्याआधीचा. लग्नसराईत पूर्ण भाड्याचं तिकीट मला परवडणारं नव्हतं, हेही सांगून टाकते.

अशा वेळी भरपाईही नसते. विमानात जागा नाकारली तर प्रवाशाला भरपाई देणाऱ्या युरोपच्या 261/2004 या नियमाचं कौतुक सगळे करतात, पण लोकांना न मिळणाऱ्या सवलतीच्या भाड्याने जाणाऱ्यांना त्यातून स्पष्ट वगळलंय. अडकलात तर हॉटेल स्वतःच्या खिशातून.

पण याच नोकरीत मला जी माणसं मिळाली, तशी दुसरीकडे मिळाली असती असं वाटत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे कर्मचारी एकमेकांना ‘लोड’ कळवतात, म्हणजे कुठल्या विमानात किती जागा आहेत ते. ओळखदेख नसलेल्या एका माणसाने मध्यरात्री मला सविस्तर लिहिलं : थेट विमानाचा नाद सोड, दोन टप्प्यांत जा, मधला मुक्काम असा निवड की तिथून दिवसभरात बरीच विमानं सुटतात. बुकिंगचा आकडा बघू नकोस, चेक-इन किती झालंय ते बघ. मागचं विमान उशिरा आलं की कनेक्शन चुकलेल्यांच्या जागा सुटतात. सकाळचं पहिलं विमान धर, ते हुकलं तर अख्खा दिवस हातात राहतो. बॅग केबिनमध्ये मावेल एवढीच. आणि गेटवर सारखं जाऊन विचारू नकोस, त्यांना यादी दिसत असते. पुढच्या खेपेला मी घरी पोचले ती या सल्ल्यावर. त्याचे आभार मानायला माझ्याकडे नुसतं नाव आहे.

ही सवलत आई-बाबांनाही मिळते, त्याबद्दल मात्र मी अभिमानाने बोलणार. अमेरिकेच्या आयकर कायद्यात विमान कर्मचाऱ्याच्या आईवडिलांचा असा प्रवास कर्मचाऱ्याचाच धरतात, त्यावर कर नाही. कंपनीला वेगळा खर्च पडत नाही, जागा तशीही रिकामी जाणार होती, हा त्यामागचा विचार. गेल्या वेळी दोघांना बिझनेस क्लास मिळाला. आईचे गुडघे दुखतात. ती पाय लांब करून झोपली, हे बाबांनी मला उतरल्याबरोबर सांगितलं.

‘आम्हालाही एक पास दे ना’ असं म्हणणाऱ्यांनी रागावू नका. पासवर, म्हणजे माझ्या सवलतीच्या तिकिटावर, जाणाऱ्याच्या वागण्याची जबाबदारी माझ्यावर असते. 2017 मध्ये डेन्व्हरला दोन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून विमानात घेतलं नाही, कारण त्या स्टाफच्या पासवर होत्या. पैसे भरलेल्या प्रवाशाला तो नियम नव्हता. तुम्ही गेटवर वाद घातलात तर माझी सवलत जाते, आई-बाबांचीसुद्धा. ती मी कुणासाठीही पणाला लावणार नाही.

धाकट्या चुलतबहिणीचं लग्न ठरतंय असं कळलं. तिच्या लग्नाचं तिकीट मी पूर्ण भाड्याने काढणार आहे, पैसे साठवायला सुरुवात केली आहे. तारीख पक्की झाली की आधी मला कळवा.