रात्रीची भूक दिवसा भागवताना

बाळ रात्री सारखं उठायला लागलं की आमच्या वेंगुर्ल्यात कोणीही एकच उपाय सांगतं: निजायच्या आधी पोट टम्म भरा. सासूबाईंचंही तेच. "रातचो भात वायच जास्ती घाल तेका, मगे निजतलो." बाबूला नववा महिना लागला होता. भात वाढवला, तरी दर दीड-दोन तासांनी हा रडत हजर. आणि प्यायचा कसा, तर गटागट, घशाचा आवाज येईपर्यंत. म्हणजे भूक खरीच होती.

उत्तर सापडलं ते दिवसात. मी काजूच्या कारखान्यात हिशेब बघते, सकाळी नऊला बाहेर, सहाला घरी. घरी आल्यावर बघावं तर काढून ठेवलेलं दूध बरंचसं तसंच. उपाशी तर कोणी ठेवत नव्हतं, उलट दिवसभर काही ना काही चालूच. दहाला पेज, मग डाळीचं वरचं पाणी, दुपारी परत पेज, मध्येच शेजारच्या काकी आल्या की पाण्यात बुडवलेलं बिस्कीट. उकड्या तांदळाची पेज माझीही लाडकी, तापात तर तीच हवी. पण बाळासाठी तिची वरची निवळ म्हणजे बहुतेक पाणीच. आईच्या १०० मिली दुधात साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात. पोट निवळीनं भरलं की दूध नको होतं, आणि ती थकबाकी बाबू रात्री व्याजासकट वसूल करायचा. शिवाय आई दिवसभर नाही आणि रात्री हाताशी, मग रात्रीच पिऊन घेणार ना पोर!

डॉक्टरांनी आधी वजन केलं, ते नीट वाढत होतं. मग हिशेब सांगितला, तो मला लगेच पटला. सहा ते आठ महिन्यांत वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांत ३००. बाकी सगळं दुधातून. म्हणजे वर्षापर्यंत दूध मुख्य, पण जे काही भरवाल ते दमदार हवं. बाटलीत नाचणी कालवून पाजायची नाही, मध वर्षाच्या आत अजिबात नाही, आणि पोट भरायला गाईचं दूधही इतक्यात नको.

मग वेळा बदलल्या. पहाटे उठल्या उठल्या अंगावर, निघताना परत एकदा. संध्याकाळी पिशवी खाली ठेवली, हातपाय धुतले की आधी दूध, बाकी सगळं नंतर. दुपारचं काढलेलं दूध सासूबाई बोंडल्यानं पाजतात, तेही जेवणाच्या आधी, जेवणाला बराच वेळ ठेवून. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास बाहेर राहतं म्हणतात, पण आमच्या स्वयंपाकघरात २५ अंश फार तर जानेवारीतल्या पहाटे! म्हणून थेट फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला. लाईट गेली की फ्रिज कोणी उघडायचा नाही, अशी सासऱ्यांनाही तंबी आहे.

जेवण तीन वेळा. चमचा तिरका केला तरी घास ओघळता कामा नये, एवढीच कसोटी. मऊ भात आणि मुगाची डाळ एकत्र घोटून वर तूप, सकाळी मोड आलेल्या नाचणीच्या पिठाची खीर, वेलची केळं कुस्करून. मीठ-साखर नाही, यावरून घरात अजून कुरकुर आहे. आणि बाजारात मिळाली तर मुडदुशी मासळी. बाळंतिणीला देतात तीच, हलकी. सासूबाई ती नुसती हळदीच्या पाण्यात शिजवतात, मधला काटा अलगद उचलतात आणि मग प्रत्येक घास बोटांत चुरून चुरून बघतात. बारीक काटा डोळ्याला दिसत नाही, बोटालाच कळतो. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा कमी होत जातो, म्हणून मासळी, अंडं, डाळी हव्यातच.

पहिले काही दिवस काहीच फरक नाही. मग रात्रीची जाग हळूहळू कमी होत गेली.

पण सगळी जाग भुकेची नसते हेही तेव्हाच लक्षात आलं. भुकेचा बाबू लांब घोट घेतो, गिळल्याचा आवाज येतो. दुसरा बाबू दोनदा चोखतो, तोंड काढतो आणि माझ्या मंगळसूत्राशी खेळत बसतो. मान चाचपली की घामानं ओली, पंखा बंद. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जायला निमित्त लागत नाही. त्याला मी आता दूध देत नाही, झबलं काढते आणि चार्जिंगचा पंखा लावते. दात येताना मात्र ना दूध ना पंखा, फक्त खांदा. तेव्हा पाळी नवऱ्याची.

तीनच्या सुमाराचं एक दूध राहिलंय. डॉक्टर म्हणाले या वयात तेवढं चालतंच. मी तर अर्ध्या झोपेतच पाजते. वर्षाचा झाला की बघू.