चार ट्रॅक आणि बाबांचे हात

मंगळवार, रात्री साडेअकरा

भांडी राहिली होती म्हणून इअरफोन लावून ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन रॉक गायकाचा 'नेब्रास्का' हा अल्बम सुरू केला. त्यातलं 'स्टेट ट्रूपर' लागलं तेव्हा हातात कढई होती. गिटारची एकसुरी धकधक चालू राहते आणि शेवटाकडे तो अचानक किंचाळतो. माहीत असूनही दचकते मी. आज कढईच निसटली. आतून आवाज आला, "काय पाडलंस?"

जानेवारी १९८२मध्ये न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेकला, भाड्याच्या घरात त्याने हे टेप केलं. चार ट्रॅकचं, म्हणजे चार आवाज वेगवेगळे टेप करणारं कॅसेट यंत्र, गिटार, माउथ ऑर्गन, कुठेकुठे मँडोलिन. होता तो बँडला ऐकवायचा कच्चा खर्डा. मग स्टुडिओत सगळ्यांनी मिळून वाजवून पाहिलं, पण मजा येईना. शेवटी बिनडबीची, खिशात घालून फिरवलेली तीच कॅसेट रेकॉर्ड म्हणून निघाली. तिच्यावरून तबकडी कापताना इंजिनिअरांच्या नाकी नऊ आले म्हणे. कंट्री गायक जॉनी कॅशने पुढच्याच वर्षी यातली दोन गाणी गायली. ऑल्ट-कंट्रीवाले, म्हणजे कंट्री संगीताची चाकोरीबाहेरची वाट धरणारे, तर याला घरचं थोरलं माणूस मानतात.

मी अडकते ती 'यूज्ड कार्स' या गाण्यापाशी. गाण्यातल्या घरातले सगळे जुनी गाडी बघायला गेलेत. आई बोटातली लग्नाची अंगठी चाळवतेय, विकणारा बापाच्या हातांकडे बघतोय. मागे ड्रम असते तर ही नजर कधीच वाहून गेली असती. इथे झाकायला काही नाहीच.

बाबांनी सेकंडहँड स्कूटर घेतली तेव्हा मी सहावीत होते. ते वर्कशॉपमधून थेट आलेले, नखांत ग्रीस. पैसे मोजताना दोनदा चुकले. एजंट म्हणाला, "सावकाश, काका, घाई नाही." पण बघत होता नोटांवर उमटलेल्या काळ्या डागांकडे. बाबांनी गड्डी आईकडे दिली आणि दोन्ही हात खिशात घातले. येताना मी दोघांच्या मधे बसले होते. घरापर्यंत कुणी बोललं नाही. स्कूटर चांगली निघाली, तेरा वर्षं चालली, ते वेगळं.

फोन करावासा वाटला, पण ते साडेनऊलाच झोपतात. आणि करून म्हणणार काय?

तेच गाणं परत लावलंय. कढई अजून सिंकमध्येच आहे.