दूरच्या ओळखीचा उपयोग

रविवार, रात्री साडेनऊ. लाईट आत्ताच आली.

पुण्याहून परत आले तेव्हा कापूस नुकताच फुटला होता, आता वेचा संपत आला, आणि नोकरीचं काय म्हटलं की घरचे, शेजारचे, शाळेतल्या मैत्रिणी सगळे एकच सांगतात, तलाठी भरती निघाली की फॉर्म भर, नाहीतर बँकेची तयारी कर. ग्रुपवर एकच जाहिरात चार जणांकडून फिरून येते. काळजी सगळ्यांनाच आहे, मनापासून आहे, पण जे त्यांना माहीत ते मलाही आधीच माहीत असतं ना.

नवीन खबर मिळाली ती कृषी केंद्रवाल्या काकांकडून. हरभऱ्यावर घाटेअळी दिसली म्हणून बाबांसोबत औषध आणायला गेले होते, काका बिल फाडता फाडता म्हणाले, "पोरगी अ‍ॅग्रीवाली ना तुमची? एक बियाण्याची कंपनी फील्डसाठी पोट्टे पाहून राह्यली, पोरगी चालन का इचारून पाहू?" आमचं त्यांच्याकडे जाणं-येणं काहीच नाही, काम पडलं की दुकानात जातो तेवढंच. पण त्या बाकड्यावर कंपन्यांची माणसं बसतात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातले जिनिंगवाले बसतात, पीककर्जवाले साहेब चहा पितात, त्यामुळे तालुक्यात कुठं माणूस पाहिजे ते त्यांना आमच्या आधी कळतं.

मी लगेच हो म्हटलं. बाबा मात्र गप्प. बाहेर आल्यावर म्हणाले, "आधीच त्याईची खरिपाची उधारी बाकी हाये, वरून हे उपकार कायले?" हे मला फार लागलं. ज्याचं देणं थकलेलं आहे त्याच्यासमोर शब्द टाकायला जीभ रेटत नाही, आणि ज्याच्याकडे पन्नास एकर आहे त्याचा पोरगा मात्र तिथंच बसून बिनधास्त सांगतो, काका माझ्यासाठी बघा. ओळख दोघांचीही आहे, पण वापरता येते एकालाच.

हॉस्टेलवरच्या एका सोशॉलॉजीवाल्या मुलीनं मागे मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा लेख पाठवला होता, तो आज परत वाचला. त्यानं बोस्टनजवळच्या नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, ज्याच्यामार्फत काम लागलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटायचा म्हणणारे जेमतेम १६.७ टक्के, अधूनमधून म्हणणारे ५५.६, आणि क्वचितच म्हणणारे २७.८. कारण साधंच आहे, जवळची माणसं आपल्याच घोळक्यात फिरतात, दूरचा माणूस दुसऱ्या घोळक्यातलं ऐकून येतो.

पण ते शिकलेले, मोठ्या पगाराचे लोक होते आणि तेही शहराजवळचे. आमच्याकडे दूरची ओळख होते कुठं, तर चौकातल्या पानठेल्यावर. वणीच्या खाणीत जाणारे ड्रायव्हर तिथंच थांबतात, बुटीबोरी एमआयडीसीतल्या ठेकेदारांची माणसं सुट्टीत तिथंच उभी राहतात, कुठं सुपरवायझर पाहिजे, कुठं जुना माणूस काम सोडून गेला, सगळं तिथं बोललं जातं. माझा चुलतभाऊ संध्याकाळी तासभर उभा राहतो आणि दोन गोष्टी ऐकून येतो. मी तिथं उभी राहू शकत नाही, गावातली कोणतीच मुलगी राहू शकत नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, पदवीवाल्यांना महिना १०,००० विद्यावेतन, नोंदणी ऑनलाईन, सगळ्यांसाठी सारखी, तरी कोणत्या ऑफिसला खरंच माणूस पाहिजे ते आमच्यात आधी त्यालाच कळलं ज्याचा मामा सरकारी नोकरीत आहे. मार्क माझे त्याच्यापेक्षा जास्त आहेत, आणि हे मी इथं लिहिणारच.

जेवताना आईनं बाबांना समजावलं, "उधारी कापसावर देऊनच राह्यलो ना आपण? मंग पोरीसाठी इचाराले काय झालं?" बाबा काही बोलले नाहीत, पण झोपायच्या आधी म्हणाले, बायोडाटा छापून ठेव, सकाळी दुकानात नेतो.

आणखी एक. जिनिंगवर सीझनभर काटापट्टीचा, म्हणजे कापसाच्या वजनाच्या पावत्यांचा, हिशोब लिहायला कुणीतरी पाहिजे हेही आज दुकानातच कानावर पडलं. दहावीपर्यंत वर्गात असलेली एक मुलगी पलीकडच्या गावात असते, बी.कॉम. झालेली, आमचं बोलणं फारसं कधी नव्हतं, नंबर जुन्या ग्रुपमधून काढला आणि तिला व्हॉइस मेसेज टाकला, जिनिंगचं नाव, कुणाला भेटायचं, आणि सोमवारी बाजार असतो म्हणून सकाळी लवकरच जा.