तुम्ही विचारलंत म्हणून: मग तू काय केलंस?

वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारात माझ्या पिशवीत बांगडे टाकता टाकता एका बाईने विचारलं, "बाई, तुमी पोरांका खरा लिवूक शिकवतास आणि रातीचे खोटे खेळ खेळतास. ह्या कसा?" तिची मुलगी माझ्या रविवारच्या वर्गात येते. हाच प्रश्न मला स्टाफरूममध्ये पुस्तकी मराठीत विचारला गेलाय, पालकसभेत जरा काळजीच्या सुरात, आणि माझ्या सख्ख्या बहिणीने तर फोनवर दोनदा विचारलाय.

मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते. रविवारी सकाळी दहा-बारा मुलांना ललित निबंध लिहायला शिकवते. शनिवारी रात्री आमच्या पडवीत पाच जण बसतो, मध्ये फासे असतात, आणि त्या तीन-चार तासांत आमच्यातला कुणी बुटका लोहार असतो, कुणी देवळातून पळालेला पुजारी. शनिवारी जे नाही ते होऊन बोलायचं आणि रविवारी मुलांना सांगायचं, जे घडलं तेच लिहा. प्रश्न रास्त आहे. बाजारात उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येईना, म्हणून इथे देते.

या खेळाला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात, म्हणजे पात्र होऊन खेळायचा खेळ. तो असा असतो. एक जण गेम मास्टर. तो प्रसंग सांगतो: पूल तुटलाय, खाली नदी आहे, पलीकडून कुणीतरी हाक मारतंय. मग विचारतो, आता तू काय करतोस? खेळणाऱ्याने आपल्या पात्राच्या वतीने सांगायचं. ते जमेल की नाही याची शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता सारखी, शंभरात पाच. पात्राच्या कागदावर त्याची ताकद, चपळाई, शहाणपण असं आकड्यांत लिहिलेलं असतं, ते धरून बेरीज होते. शेवटी कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढे जाते, एवढंच.

मला हा खेळ भाच्याने शिकवला, २०२१च्या मे महिन्यात. १६ मेला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. आमच्या आवारातले तीन माड पडले, एक विहिरीवर. वाडीत आठ दिवस वीज नव्हती. पुण्याहून घरून काम करायला आलेला भाचा दुसऱ्या दिवशी लॅपटॉप बंद करून बसला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, मावशी, एक खेळ आहे, त्याला वीज लागत नाही. फासे त्याने पुण्यालाच ठेवले होते. आम्ही हाऊजीच्या डब्यातल्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या काढल्या आणि कापडी पिशवीत घातल्या. कंदिलाच्या उजेडात शेजारची दोन मुलंही येऊन बसली. पहिल्या रात्री आम्ही अवघडून, नाटकातल्यासारखं मराठी बोलत होतो. दुसऱ्या रात्री शेजारच्या मुलाने गेम मास्टर होऊन सरळ मालवणीत विचारलं, "आता तू काय करतलंस?" आणि मला दचकायला झालं. त्या प्रश्नाला 'मला भीती वाटली' हे उत्तर चालत नव्हतं. भीती वाटली, बरं, मग?

त्याच जूनमध्ये फोनवर भरणाऱ्या वर्गात मी विषय दिला: वादळ. अकरा निबंध आले. त्यातल्या नऊंत 'निसर्गापुढे माणूस हतबल आहे' हे वाक्य या ना त्या रूपात होतं. मुलांनी ते वादळ अंगावर घेतलं होतं, कौलं उडताना पाहिली होती, आणि लिहिताना मात्र ती कुठल्याशा उंच कड्यावर जाऊन उभी राहिली होती. तिथून माणूस दिसत होता, ती स्वतः दिसत नव्हती. आधीच्या वर्षांत मी अशा निबंधांवर लाल पेनाने 'अनुभव लिहा' असा शेरा मारत असे. वीस वर्षं मारला. त्याने काही होत नाही, कारण मुलाला वाटतं, आपण अनुभवच तर लिहिलाय.

त्या वेळी मी शेरा मारला नाही. एका मुलीला फोन केला आणि गेम मास्टरसारखं विचारत गेले. वारा वाढला तेव्हा तू कुठे होतीस? माजघरात. किती वाजले होते? माहीत नाही, आजीचा चहा झाला होता. कौलं उडायला लागली, मग तू काय केलंस? थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, मी दहावीची मार्कलिस्ट आणि दाखले तांदळाच्या डब्यात टाकले आणि झाकण दाबून बसवलं. आणि मग? मग आजीची औषधं ओट्यावर राहिली ती भिजली. गोळ्यांचा लगदा झाला.

तिने निबंध पुन्हा लिहिला. त्यात हतबल हा शब्द नव्हता. तांदळाचा डबा होता. आजी तीन दिवस गोळ्यांशिवाय होती आणि नातीला एका शब्दाने बोलली नाही, हे होतं. आपण आधी काय वाचवलं, हे त्या मुलीला निबंध लिहिताना कळलं. मी गेली दोन वर्षं तिचा तो निबंध नव्या मुलांना वाचून दाखवते, तिची परवानगी घेऊन.

या खेळाचा उगम युद्धाच्या खेळांत आहे. टेबलावर छोटे सैनिक मांडायचे, अख्ख्या पलटणी हलवायच्या, असे ते खेळ. अमेरिकेत डेव्ह अर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आणला, आणि त्यातला मोठा बदल असा की एका खेळाडूकडे पलटण नाही, एकच माणूस. त्याला नाव आहे, त्याच्या पाठीवर किती ओझं मावतं हे ठरलेलं आहे, आणि तो मरू शकतो. हे वाचलं तेव्हा मला माझा वर्ग दिसला. 'माणूस हतबल आहे' ही पलटण. डब्याचं झाकण दाबणारी मुलगी हा एक माणूस. माझं काम मुलांना एकातून दुसरीकडे आणण्याचं आहे, आणि त्याची वाट मला पडवीत सापडली.

आणि ही वाट आपल्याला अगदी नवखी आहे असंही नाही. आमच्या खाली शिरोड्याला वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शाळामास्तर होते. फडके, खांडेकर, काणेकर यांनी मराठीत लघुनिबंध रुजवला तो याच काळात, आणि त्या निबंधाचा सगळा भार 'मी' या एका शब्दावर होता. गंभीर विषयावरचं भाषण सोडून एक माणूस वाचकाशी गप्पा मारायला बसला. मुलांना मी सांगते, तो कागदावरचा 'मी' म्हणजे तुम्ही अख्खे नव्हे. अख्खा माणूस कागदावर मावतच नाही. त्यातून वेचून, याला काय दिसतं, याचं कशाने बिनसतं, याला काय जमत नाही, हे ठरवून एक बोलणारा उभा करावा लागतो. पात्राचा कागद भरताना आम्ही हेच करतो. खेळात सगळ्याच आकड्यांत पटाईत असलेलं पात्र दुसऱ्या रात्रीच कंटाळवाणं होतं. निबंधातला सद्गुणी 'मी' दुसऱ्या परिच्छेदात होतो.

तरी कुणी म्हणेलच, हे उसनं आहे, अमेरिकेतलं. त्यांना मी दहीकाल्याच्या, म्हणजे दशावतारी नाटकाच्या रात्री आठवायला सांगते. दशावतारी मंडळी गावात येतात, पेटारे उतरतात, आणि आख्यान कुठलं लावायचं, कुणी काय करायचं, हे रंग चढवता चढवता ठरतं. संवादांची वही नसते. राजपार्ट आणि खलपार्ट समोरासमोर येतात तेव्हा बोलणं तिथल्या तिथे जन्माला येतं, पखवाज आणि पायपेटी त्याला धरून ठेवतात, आणि पहाटेपर्यंत गोष्ट आपल्या ठरल्या जागी पोचते. लहानपणी आजीच्या मांडीवरून मी हे पाहिलंय. मोठेपणी एकदा रंगपटात शिरून एका वयस्कर कलाकाराला विचारलं होतं, पाठ नसताना सुचतं कसं? आरशातून नजर न काढता ते म्हणाले, "समोरचो काय बोलता ता आयकाक व्हया." ऐकावं लागतं. फासे नाहीत, आकडे नाहीत, पण आपल्याकडे रात्रभर उत्स्फूर्त पात्र होऊन बोलणारी माणसं होती आणि आहेत. पडवीत मालवणी सुरू झाली आणि खेळ आमचा झाला, त्याचं कारण हेच असावं.

आता खऱ्या-खोट्याकडे येते, कारण विचारणाऱ्यांच्या मनात मुख्य काटा तोच आहे.

एका मुलाने आजोबांच्या मरणावर लिहिलं. शेवटच्या क्षणी त्यांचा हात त्याच्या हातात होता, असं. वर्गातल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर तो एकटाच थांबला आणि म्हणाला, बाई, मी तिथे नव्हतो. तो कोल्हापूरला हॉस्टेलवर होता. आई म्हणाली होती, असं लिहिलंस तर छान वाटेल.

शनिवारी तो आमच्या पडवीत येऊन बसत असे, म्हणून मी त्याच्याशी त्या भाषेत बोलले. विचारलं, तुझा फासा तीनवर पडला आणि तू हाताने झाकून अठरा सांगितलंस, तर? तो लगेच म्हणाला, मग खेळायचं कशाला. हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. जो एकदा खेळायला बसलाय त्याला हे ठाऊक असतं की तीन पडल्यावरच गोष्ट सुरू होते; पडलेलं बदललं की पुढचं सगळं पोकळ. पात्र कल्पनेतलं असतं, राक्षस कल्पनेतला असतो, पण फासा खरा असतो आणि तो सगळ्यांनी मानायचा असतो. मी निबंधातल्या सत्याबद्दल जे सांगते ते इतकंच आहे. काय पडलं ते तुझ्या हातात नव्हतं. ते बदलू नकोस. त्यानंतर तू काय केलंस, तिथून लिही.

त्याने लिहिलं. फोन आला तेव्हा तो गच्चीवर कपडे वाळत घालत होता. फोन ठेवला आणि बादलीतले उरलेले सगळे कपडे त्याने वाळत घातले, एकेक चिमटा लावून, आणि मग खाली येऊन पिशवी भरली. आंबोलीचा घाट उतरताना रात्रीच्या एसटीत त्याला ते कपडे आठवत राहिले, आजोबा आठवले नाहीत. वर्गात या वेळी कुणी रडलं नाही. बराच वेळ कुणी बोललंही नाही.

खेळातली आणखी एक गोष्ट मी वर्गात आणली आहे. सगळेच खेळ वीस बाजूंच्या फाशाने चालत नाहीत. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१०च्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये साधे, सहा बाजूंचे दोन फासे टाकतात आणि पात्राचा आकडा त्यात मिळवतात. बेरीज दहा किंवा जास्त आली तर काम फत्ते, सहा किंवा कमी आली तर संकट, आणि सात ते नऊ आली तर काम होतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. पात्राचा आकडा शून्य धरला तर दोन फाशांच्या छत्तीस जोड्यांपैकी निखळ यश फक्त सहा जोड्यांत आहे. पंधरा जोड्या संकटाच्या आणि तितक्याच पंधरा या 'झालं, पण'च्या. मुलांना मी दोन फासे देते आणि त्यांच्या मसुद्यातला 'पण' शोधायला सांगते. दाखले वाचले, पण. परीक्षा पास झालो, पण. बोट परत आली, पण. बहुतेकांचा निबंध त्या एका शब्दानंतर दडलेला असतो, आणि त्यांनी नेमकं तिथेच पूर्णविराम दिलेला असतो.

बोटीचं लिहिलं म्हणून सांगायला हवं. किनाऱ्यावरच्या वर्गात 'घरातली एक आठवण' असा साधा विषय दिला तरी समुद्र कुणाचा तरी बाप घेऊन गेलेला निघतो. एका मुलीला मी असंच 'मग काय केलंस' विचारत गेले आणि ती उठून बाहेर गेली. त्या दिवशी मी चुकले, आणि ती चूक मला अजून बोचते. जॉन स्टाव्हरोपोलॉस यांनी खेळाच्या टेबलासाठी एक साधी पद्धत दिली आहे: फुलीचं चिन्ह काढलेला एक कागद मध्ये ठेवायचा. ज्याला पुढचं नको असेल त्याने त्याला हात लावायचा. कारण विचारायचं नाही, गोष्ट तिथून वळवायची. आता रविवारीही तो कागद मध्ये असतो. ती मुलगी परत आली, पण वडिलांवर तिने अजून लिहिलेलं नाही. रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर लिहिलं, दोर ओढताना तळहाताची सालं कशी निघतात ते. मी ते मन लावून वाचलं आणि दुसरं काही मागितलं नाही.

मासळी बाजारातल्या त्या बाईला मी त्या दिवशी एवढंच म्हटलं होतं, शनिवारी येऊन बघा. ती आली, मुलीबरोबर, हातपाय धुऊन, केसांत अबोलीचा वळेसर माळून. सुरुवातीला भिंतीला टेकून नुसती बघत होती. मग आमच्यातल्या एकाने तिच्यासमोर कोरा कागद सरकवला. मी त्या रात्री गेम मास्टर होते. मी सांगितलं: तुम्ही किल्ल्याच्या दारात पोचलाय, काळोख पडलाय, आत तुमचं माणूस अडकलंय, आणि दारात भाला घेतलेला पहारेकरी उभा आहे. आमच्या मुलांनी आधी अशा पहारेकऱ्याला झोपवलं होतं, लाच दिली होती, एकदा विहिरीत ढकललं होतं. मी तिला विचारलं, "आता तुमी काय करतल्यात?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मुलगी काहीतरी सुचवायला गेली, तिला तिने हातानेच थांबवलं.

"मी तेका इचारतंय," ती म्हणाली, "जेवलंस काय रे?"

पहारेकरी जेवला होता की नव्हता, हे मी ठरवलंच नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.