चित्रकार ठरला

मंगळवार, रात्री

एकदाचं ठरलं. माझ्या गुऱ्हाळावरच्या कादंबरीची चित्रं कोण काढणार यावरून गेले काही आठवडे डोक्याचा नुसता भुगा झाला होता. मुखपृष्ठ आणि आत बारा रेखाचित्रं, एवढंच तर काम. पण कोल्हापुरात चित्रकार शोधायचा म्हणजे पेठेतल्या प्रत्येकाचा भाचा नाहीतर पुतण्या चित्रकार निघतो. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्रींनी नाटकांचे पडदे रंगवले आणि गावानं त्यांचं आडनावच ‘पेंटर’ करून टाकलं. अशा गावात कुणाला नाही म्हणायचं म्हणजे संकटच.

प्रकाशकांनी सुचवलेले पुण्याचे गृहस्थ मोठे. हात विलक्षण. नमुन्याचं चित्र आलं तेव्हा पहिल्यांदा मी खूशच झाले. मग नीट पाहिलं, तर ऊस गाळायच्या चरकाला बैल जुंपलेले! माझ्या कादंबरीतलं गुऱ्हाळ 1980 नंतरचं आहे, चरक विजेच्या मोटरवर चालतो, आणि वीज गेल्यावर रस तसाच पडून राहतो यावर तर पहिलं प्रकरण उभं आहे. बैल देखणे होते, हे मात्र मान्य करायला हवं. दुसरीकडे प्रकाशकांचे चिरंजीव म्हणाले, ‘कॉम्प्युटरकडून काढून घेऊ, फुकटात होईल.’ त्यांनी पाठवलेल्या चित्रातल्या बाईच्या नऊवारीला घागऱ्याचा घेर होता. त्यावर मी काही बोलले नाही.

हा तिसरा मुलगा मला दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात भेटला. प्रदर्शन चौघांचं होतं, त्याची चित्रं कोपऱ्यात. एरवी मंडळांचे देखावे आणि दुकानांच्या पाट्या करतो. हस्तलिखित दिलं ते त्यानं खरोखर वाचलं, आणि आज घरी आला तो दोन कच्ची चित्रं घेऊन. पहिल्यात फक्त गूळ शिजवणाऱ्या गुळव्याचा हात. पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बोटांनी चाचपतोय. अंगठ्याचं नख तेवढं ठळक, बाकी दोन-चार रेघा. मी ते प्रकरण पाच पानं लिहिलंय, तरी हे नख मला सुचलं नव्हतं.

दुसरं पाहून मात्र मी गप्पच झाले. चुलवाणाच्या, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीच्या तोंडाशी, खाली खड्ड्यात बसलेला, जाळ घालणारा चुलव्या, मागून. शेजारी उसाच्या चिपाडांचा ढीग. रस आटवायची ती मोठी काहील चित्रात नाहीच.

‘काहील कुठाय?’ मी विचारलं.

‘मॅडम, चुलव्याला काहील दिसतच नाही की. त्यो खाली असतोय. त्याला वरनं नुसती हाक येतीय, जाळ वाढीव, जाळ कमी कर.’

त्याच्या मामाचं वडणग्याला गुऱ्हाळ होतं. माझी कादंबरी सांगते मालकाची मुलगी. ती सगळं वरून बघते, खड्ड्यात कधी उतरत नाही. ते मी मुद्दामच तसं ठेवलंय. म्हणजे ती जिथं जाऊ शकत नाही तिथं हा उतरला. मला चित्रकाराकडून हेच हवं होतं. मजकुरात आहे तेच पुन्हा काढायचं असेल तर कागद कशाला वाया घालवायचा? वसंत सरवटे मूळचे इथलेच, पेशानं इंजिनिअर, पु. लं.च्या पुस्तकांतली त्यांची चित्रं मी लहानपणी मजकुराआधी बघायची. ती लेखकाच्या मागे मागे चालत नाहीत, स्वतःचं काही बोलतात.

त्याची रेघ कधी कधी अडखळते. माणसांचे पाय त्याला जमत नाहीत, हे त्यालाही ठाऊक आहे. चालेल.

एका गोष्टीवर खडाजंगी झाली. नायिकेचा चेहरा कुठंही दाखवायचा नाही, मुखपृष्ठावर तर नाहीच, हे मी ठासून सांगितलं. वाचकाच्या मनात जी तयार होते तीच राहू दे. तो म्हणाला, ‘एकदा तरी दाखवूया की.’ मी नाही म्हटलं. ‘बघू,’ म्हणाला. हे ‘बघू’ मला पुढं जड जाणार, दिसतंच आहे.

बाकी व्यवहाराचं पटकन उरकलं. छपाई साध्या मॅपलिथो कागदावर, त्यामुळं काळ्याचे मोठे पट्टे नकोत, पलीकडच्या पानावर उमटतात. निम्मं मानधन आधी. मूळ चित्रं त्याचीच राहतील, आणि दुसरी आवृत्ती निघाली तर वेगळे पैसे. हे सगळं कागदावर लिहून घ्यायला मीच सांगितलं, तो नुसता मान डोलवत होता.

अडचण एवढीच, की तो म्हणतो गुऱ्हाळं सुरू झाल्याशिवाय बाकीची चित्रं काढणार नाही. चालू चुलवाणासमोर बसायचंय त्याला. म्हणजे दिवाळीच्या आसपास. आणि प्रकाशक तर दिवाळीला पुस्तक बाजारात आणायचं धरून बसलेत. उद्या सकाळी फोन करते. ओरडतील. ओरडू देत.